पोर्ट ऑफ स्पेन पायी आणि मॅक्सीने: आधी परतीचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: त्रिनिदादमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनला चार-पाच दिवस मोकळे मिळणार आहेत. गाडी भाड्याने घ्यायची नाही. हॉटेलवाले म्हणतात टॅक्सीशिवाय दाराबाहेर पाऊल टाकू नका. तर हे शहर पायी आणि तिथल्या लोकांच्या वाहनांनी बघता येईल का, आणि कसं?

येईल. हॉटेलवाल्यांचं म्हणणं अंधार पडल्यानंतरसाठी बरोबर आहे, दिवसासाठी नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते दुपारी चारपर्यंत शहराचा मधला भाग माणसांनी भरलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी आरामात चालता येतं. पण एक गोष्ट सगळ्यांत आधी डोक्यात पक्की करा: इथे जाणं सोपं, परतणं अवघड. वाहनं वेळापत्रकाने सुटत नाहीत, भरली की सुटतात. सकाळी सगळा लोंढा शहरात येतो, संध्याकाळी बाहेर जातो. त्या प्रवाहाच्या उलट जाणाऱ्याला किंवा संध्याकाळी आडबाजूला उभ्या राहिलेल्याला गाडी मिळता मिळत नाही. म्हणून कुठेही निघण्याआधी ‘तिथून शेवटची खात्रीची गाडी किती वाजता?’ हे विचारायचं, आणि त्यावरून मागे मोजत दिवस आखायचा. रविवारी सगळंच निम्म्यावर येतं. दुकानं बंद, रस्ते सुने, मॅक्सी (भाड्याच्या व्हॅन) तुरळक. रविवार मध्यवस्तीवर वाया घालवू नका.

आता वाहनं. पश्चिम महाराष्ट्रातलं वडाप, म्हणजे भरली की सुटणारी शेअर गाडी, ज्याला माहीत आहे त्याला पद्धत समजावून सांगायला नको. फक्त इथे तिला कायद्याची चौकट आहे आणि ती नंबरप्लेटवर दिसते. प्लेट ‘एच’ अक्षराने सुरू होत असेल तर गाडी भाड्याची, परवान्याची. ‘पी’ असेल तर खासगी. खासगी गाड्याही सर्रास भाडं मारतात, त्यांना ‘पीएच’ म्हणतात. स्थानिक लोक बसतात, ओळखीच्या मार्गावर बसतात, पण नवख्याने बसू नये. विम्याचा प्रश्न असतो, आणि लूटमारीच्या ज्या घटना होतात त्यांत अशा गाड्यांचा वाटा असतो. एच प्लेटची साधी मोटार म्हणजे रूट टॅक्सी: ठरलेला मार्ग, पुढे एक आणि मागे तीन प्रवासी, माणशी भाडं. एच प्लेटची व्हॅन म्हणजे मॅक्सी: बारा किंवा पंचवीस आसनांची, पांढरी, अंगावर रंगीत पट्टा.

पट्ट्याचा रंग म्हणजे गाडीचा इलाखा. पिवळा: पोर्ट ऑफ स्पेन आणि पश्चिमेकडचा भाग, म्हणजे डिएगो मार्टिन, कॅरनाज, शागरामस. लाल: पूर्वेकडे, क्युरेप, तुनापुना, अरिमापर्यंत. हिरवा: दक्षिणेकडे, शग्वानस आणि सॅन फर्नांडो. तपकिरी आणि काळा पट्टा सॅन फर्नांडोच्या पलीकडचे, प्रिन्सेस टाउन वगैरे. शहरात राहणाऱ्याला त्यांची गरज पडत नाही. निळा टोबेगोचा. रंग फक्त दिशा सांगतो, गाव नाही. हिरव्या पट्ट्याची प्रत्येक मॅक्सी सॅन फर्नांडोला जाते असं नाही, म्हणून चढताना गावाचं नाव घेऊन विचारायचंच.

लाल आणि हिरव्या मॅक्सी सुटतात सिटी गेटमधून. साउथ कीवरची ही जुनी इमारत म्हणजे त्रिनिदादच्या रेल्वेचं स्टेशन. रेल्वे १९६८ मध्ये कायमची बंद झाली आणि पूर्वेकडच्या लोहमार्गाच्या जागेवर बस आणि मॅक्सींसाठी राखीव रस्ता झाला, प्रायॉरिटी बस रूट. याचा उपयोग समजून घ्या. दुपारी तीनपासून साडेसहापर्यंत शहरातून पूर्वेला जाणारे बाकीचे रस्ते तुंबलेले असतात, तेव्हा महागड्या टॅक्सीत बसलेला माणूस अडकून राहतो आणि काही डॉलरच्या मॅक्सीतला माणूस या राखीव रस्त्याने निघून जातो. मात्र लाल पट्ट्याच्या गाड्या दोन प्रकारे धावतात, काही राखीव रस्त्याने तर काही ईस्टर्न मेन रोडने. चढताना ‘बस रूट की मेन रोड?’ एवढं विचारा. राखीव रस्त्याची गाडी मधल्या बाजारपेठांत थांबत नाही, मेन रोडची गाडी दर दोनशे पावलांवर थांबते. पिवळ्या पट्ट्याच्या मॅक्सी आणि शहरातल्या रूट टॅक्सी यांचे स्टँड वेगवेगळ्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर आहेत. पाटी असेलच असं नाही, आणि रस्त्यांची कामं निघाली की जागा हलतात. नकाशावर शोधत बसू नका. ‘सेंट जेम्सच्या टॅक्सी कुठे लागतात?’ असं कोणत्याही दुकानदाराला विचारा, बोट दाखवतात.

रस्त्यात हात करून गाडी थांबवतानाही एक खूण आहे. नुसता हात हलवायचा नाही, ज्या दिशेला जायचंय तिकडे बोट करायचं. चालकही तसंच बोट दाखवून आपली दिशा सांगतो. दोघांची बोटं जुळली नाहीत तर तो थांबणार नाही, यात राग मानण्यासारखं काही नाही. आत शिरताना ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणायचं. हे ऐच्छिक नाही. दुकानात, टॅक्सीत, दवाखान्यात, कुठेही न बोलता आत शिरणारा माणूस उद्धट समजला जातो, आणि पुढे काही विचारलं की उत्तर तुटक मिळतं. उतरायचं असेल तेव्हा मॅक्सीत बेल असते, रूट टॅक्सीत थांब्याच्या थोडं आधी तोंडाने सांगायचं.

पैसे उतरताना द्यायचे. चलन त्रिनिदाद आणि टोबेगोचा डॉलर. एका अमेरिकी डॉलरला पावणेसातच्या आसपास मिळतात. शहरातल्या शहरात रूट टॅक्सीचं भाडं साधारण ५ ते १० स्थानिक डॉलर, शग्वानस किंवा सॅन फर्नांडोला त्याहून जास्त. नक्की आकडा बाजूच्या प्रवाशाला विचारा, चालकाला नको. कारण असं आहे: रिकाम्या एच टॅक्सीच्या खिडकीत वाकून ‘अमुक ठिकाणी न्यायचे किती घ्याल?’ असं विचारलं की चालक समजतो तुम्हाला संपूर्ण गाडी हवी आहे, आणि मग आकडा एकदम दहापट होतो. रूट टॅक्सीत भाव विचारतच नाहीत. मार्गाचं नाव घ्यायचं, तो ‘हो’ म्हणाला की बसायचं. मार्ग सोडून आतल्या गल्लीत सोडायला सांगितलं तर जादा पैसे लागतात, आणि ते रास्त आहे. खिशात १, ५, १० आणि २० च्या नोटा ठेवा. सकाळी सातला शंभराची नोट पुढे केली तर सुट्ट्यावरून सगळी गाडी तुमच्याकडे बघते. एटीएममधून निघणाऱ्या मोठ्या नोटा सुपरमार्केटमध्ये मोडून घ्या.

सरकारी बस पीटीएससी या सार्वजनिक वाहतूक महामंडळाची. स्वस्त, वातानुकूलित, बसायला ऐसपैस. अडचण दोन. एक, चालक रोख पैसे घेत नाही; तिकीट आधी सिटी गेटच्या खिडकीवर किंवा ठरावीक दुकानांतून घ्यावं लागतं. त्यामुळे जाताना परतीचंही तिकीट तिथेच घेऊन टाका, नाहीतर संध्याकाळी कुठल्या तरी थांब्यावर बस समोर उभी आणि तिकीट विकणारं दुकान बंद, असं होतं. दोन, काही मार्गांवर दोन बसमध्ये फार अंतर असतं. सॅन फर्नांडो आणि अरिमासारख्या मोठ्या मार्गांवर बस चांगली. छोट्या मार्गांवर बसची वाट पाहता पाहता तीन मॅक्सी निघून जातात.

सॅन फर्नांडोला जायचा सुखाचा मार्ग पाण्यातून आहे. वॉटर टॅक्सी ही सरकारी सेवा २००८ च्या डिसेंबरात सुरू झाली. पारियाच्या आखातातून पाऊण तासाच्या आसपास लागतो, आखात शांत असल्यामुळे बोट फारशी हलत नाही, आणि महामार्गावरची कोंडी टळते. पण ही नोकरदारांची बोट आहे. सकाळच्या मुख्य फेऱ्या सॅन फर्नांडोहून राजधानीकडे आणि संध्याकाळच्या उलट. राजधानीत मुक्काम असलेला पाहुणा नेमका प्रवाहाविरुद्ध जातो, त्याच्या वाट्याला मोजक्या फेऱ्या येतात. आदल्या दिवशी वेळा बघा, आणि एका बाजूने बोट, दुसऱ्या बाजूने बस असा बेत ठेवा.

एवढं झालं की चालायला मोकळे.

मध्यवस्ती चौकटीच्या रस्त्यांची आहे आणि चुकणं कठीण. डोंगर दिसतो ती उत्तर, त्या बाजूला हलका चढ. उतार लागला की समुद्र. फ्रेडरिक स्ट्रीट हा मधला कणा, साउथ कीपासून सव्वा किलोमीटर सरळ वर जाऊन क्वीन्स पार्क सव्हानाच्या मोठ्या मैदानापाशी संपतो. सकाळी साडेसातला खालून सुरुवात करा. आधी इंडिपेंडन्स स्क्वेअर, ज्याच्या मधल्या फरसबंदीला ब्रायन लाराचं नाव आहे. तिच्या पूर्व टोकाला रोमन कॅथलिक कॅथीड्रल, १८३२ मध्ये पूर्ण झालेलं. कॅथीड्रल पाहून मागे फिरा. त्याच्या पलीकडे ईस्ट ड्राय रिव्हर आणि लाव्हेन्टिलचे डोंगर, तिथे ओळखीच्या स्थानिक माणसाशिवाय पायी जाऊ नका. बीथम आणि सी लॉट्स या वस्त्यांनाही हेच लागू. याच भागांनी जगाला स्टील पॅन, तेलाच्या पिंपांपासून घडवलेलं वाद्य, दिलं हे खरं, पण ते वाद्य ऐकायला दुसऱ्या जागा आहेत, त्या पुढे येतील.

फ्रेडरिक स्ट्रीटने वर आलं की वुडफर्ड स्क्वेअर. पुढे देशाचे पहिले पंतप्रधान झालेल्या एरिक विल्यम्स यांनी इथे जाहीर व्याख्यानं देऊन स्वातंत्र्यापूर्वीचं राजकारण घडवलं. या चौकाला लोक ‘वुडफर्ड स्क्वेअर विद्यापीठ’ म्हणत. अजूनही इथल्या बाकांवर राजकारणाचा वाद घालणारी मंडळी भेटतात, आणि त्यांच्याशी अर्धा तास बोलणं हे संग्रहालयापेक्षा मोलाचं आहे. पश्चिमेला रेड हाउस, देशाची संसद. आधीची इमारत १९०३ मध्ये पाण्याच्या दरांवरून उसळलेल्या दंगलीत जळाली, आताची १९०७ ची. जुलै १९९० मध्ये जमात-अल-मुस्लिमीन या स्थानिक मुस्लिम गटाच्या सशस्त्र लोकांनी पंतप्रधानांसह खासदारांना इथेच ओलीस धरलं होतं. डागडुजीनंतर संसद २०२० मध्ये परत या इमारतीत आली. दक्षिणेला अँग्लिकन कॅथीड्रल. जवळच राष्ट्रीय ग्रंथालय: थंडगार, आणि स्वच्छतागृहाची सोय असलेलं. शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं फार कमी, तेव्हा ग्रंथालय आणि फ्रेडरिक स्ट्रीटवरचे मॉल लक्षात ठेवा. सरकारी इमारतींत अर्ध्या चड्डीवर आणि चपलांवर अडवतात. आत जायचं असेल तर त्या दिवशी पूर्ण पँट घाला.

चालण्याबद्दल दोन बारीक पण कामाच्या गोष्टी. रस्ता उत्तर-दक्षिण असल्यामुळे सकाळी पूर्वेच्या पदपथावर सावली असते, दुपारनंतर पश्चिमेच्या. हे शहर साडेदहा अंश उत्तर अक्षांशावर आहे, अकरानंतर ऊन डोक्यात जातं. सावलीची बाजू धरली तर वर पोचेपर्यंत माणूस शिल्लक राहतो. आणि पदपथाच्या कडेला उघडी, खोल, चौकोनी गटारं आहेत, काही ठिकाणी गुडघ्याहून खोल. फोनकडे बघत चालायचं नाही. फोन हिसकावला जाण्यापेक्षा गटारात पाय मुरगळण्याची शक्यता जास्त.

सव्हाना हे शहराचं अंगण. सुमारे २६० एकर, भोवतीची फेरी साधारण साडेतीन किलोमीटर, संथ चालीने तास. भोवतीची वाहतूक एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, आणि गाड्या जोरात असतात. आपल्यासारखंच इथेही डावीकडून चालतात, पण या एका रस्त्यावर सवय उपयोगी पडत नाही. बाहेरच्या पदपथावरून मैदानाकडे ओलांडताना गाड्या उजवीकडून येतात. मैदानातून बाहेर येताना डावीकडून, सगळ्या लेनमध्ये. सिग्नल असेल तिथूनच ओलांडा.

मैदानाच्या पश्चिमेला, मराव्हाल रोडवर, एका रांगेत सात हवेल्या आहेत, ‘मॅग्निफिसंट सेव्हन’. दक्षिणेकडून उत्तरेकडे: क्वीन्स रॉयल कॉलेज, हेज कोर्ट, मिल फ्लर, रूमोर, आर्चबिशपचं निवासस्थान, व्हाइटहॉल आणि टोकाला स्टोलमायरचा किल्ला. सगळ्या १९०२ ते १९१० मधल्या, कोकोच्या भरभराटीच्या काळातल्या. यांची तोंडं पूर्वेला आहेत, म्हणजे उजेड समोरून हवा असेल तर सकाळी दहाच्या आत. दुपारी गेलात तर सगळ्या काळ्या आकृत्या दिसतील. त्यामुळे फोटोंचा सोस असलेल्याने वर सांगितलेला क्रम उलटा करावा: आधी टॅक्सीने सव्हाना, हवेल्या, मग फ्रेडरिक स्ट्रीटने उतारावर खाली. पायांनाही तेच बरं. क्वीन्स रॉयल कॉलेज नुसतं बाहेरून बघून पुढे जाऊ नका, घड्याळाचा मनोरा असलेली ही शाळा एरिक विल्यम्स आणि लेखक सी. एल. आर. जेम्स व व्ही. एस. नायपॉल या तिघांची.

मैदानाच्या उत्तरेला वनस्पती उद्यान, १८१८ चं, प्रवेश मोफत. शेजारी प्राणिसंग्रहालय, वेळ कमी असेल तर ते सोडा, उद्यान सोडू नका.

मैदानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून पश्चिमेला किलोमीटरभर चाललं की ट्रॅगरेट रोडवर क्वीन्स पार्क ओव्हल. मराठी माणसाने इथे यायला निमित्त लागत नाही. १९७१ च्या मार्चमध्ये सुनील गावसकरांनी इथेच कसोटी पदार्पण केलं, ६५ आणि नाबाद ६७. त्याच सामन्यात दिलीप सरदेसाईंचं शतक, आणि अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. मालिकेतली शेवटची कसोटीही इथेच झाली, त्यात गावसकर १२४ आणि २२०. पाच वर्षांनी चौथ्या डावात ४०६ धावा करून भारत जिंकला तो याच मैदानावर. सामना नसताना दारावरच्या माणसाला नमस्कार-चमत्कार करून ‘भारतातून आलोय, गावसकरचं मैदान बघायचंय’ म्हणा. आत सोडायचं की नाही हे त्याच्या हातात असतं, पण नाव ओळखीचं असतं. अलीकडे बरेच टी-ट्वेंटी सामने सॅन फर्नांडोजवळ तरूबाच्या ब्रायन लारा अकादमीत होतात. तिथला रात्रीचा सामना बघायचा असेल तर परतीची गाडी आधी ठरवल्याशिवाय तिकीट काढूच नका. सामना सुटल्यावर तिथे मॅक्सी शोधणं म्हणजे रात्र बाहेर काढणं.

ओव्हलच्या दक्षिणेला वुडब्रुक, लाकडी नक्षीच्या छपरांच्या छोट्या घरांचा भाग, आणि त्यातून जाणारा अरिआपिटा ॲव्हेन्यू, संध्याकाळच्या खाण्यापिण्याचा रस्ता. पश्चिमेला थोडं पुढे सेंट जेम्स. इथल्या गल्ल्यांची नावं कलकत्ता, दिल्ली, मद्रास, लखनौ, नेपाळ. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजाने कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आणले, १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसं आली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातली. त्यामुळे भोजपुरीच्या खुणा जागोजागी, मराठीच्या नाहीत. सेंट जेम्सचा वेस्टर्न मेन रोड रात्री उशिरापर्यंत जागा असतो. मोहरममध्ये इथून ‘होसे’ या मिरवणुकीचे ताजिये निघतात, त्यात हिंदूही हात लावतात.

स्टील पॅन ऐकायला जानेवारी-फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या आधी, पॅनयार्डवर, म्हणजे वादक पथकांच्या सरावाच्या जागी, जा. ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्स, शार्लट स्ट्रीटवर रेनेगेड्स, वुडब्रुकमध्ये हॅमिल्टन स्ट्रीटला फेज टू. सराव संध्याकाळी उशिरा रंगतो, फुकट असतो. वुडब्रुकचं यार्ड नवख्याला सोयीचं. दुसऱ्या दोन ठिकाणी दारापर्यंत गाडीने जा, दारातून गाडीने परत. आणि कार्निव्हलच्या सोमवार-मंगळवारी सार्वजनिक वाहतुकीचा सगळा हिशेब विसरा, मधले रस्ते बंद असतात आणि सगळं शहर पायीच चालतं.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण शाकाहारी माणूस उगाच घाबरतो. डबल्स: हळद घातलेल्या पिठाचे दोन मऊ तळलेले बारे, मध्ये छोले, वर काकडी, चिंच, कुचेला (कैरीचं तिखट लोणचं) आणि मिरची. कागदात गुंडाळून उभ्यानेच खायचं. गाडीवाला पाच सेकंदांत बांधतो, म्हणून मिरचीचं प्रमाण त्याचा हात भांड्यात जायच्या आत सांगायचं: ‘नो पेपर’, ‘स्लाइट’, ‘मीडियम’. ही स्कॉच बॉनेटच्या जातीची मिरची आहे, कोल्हापूरकरांनीही पहिल्या दिवशी ‘स्लाइट’च म्हणावं. सकाळचे गाडे बरेचदा दहापर्यंत संपतात. सहीना म्हणजे डाशीनची, आपल्या अळूच्या कुळातली पानं डाळीच्या पिठात घोळवून तळलेली. फुलौरी म्हणजे भजी. जेवायला दालपुरी, तिच्यात छोले-बटाटा, लाल भोपळा किंवा बोडी, म्हणजे चवळीच्या शेंगा. सावधगिरी दोनच पदार्थांत: कॅलालू (डाशीनच्या पानांची पातळ भाजी) आणि शिजवलेल्या लाल घेवड्यात बरेचदा खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असतं. दिसत नाही, विचारावंच लागतं.

शहराबाहेरच्या सहलींपैकी मी एकच निवडा म्हणेन: करापिचायमा. सिटी गेटवरून हिरव्या पट्ट्याने शग्वानस, तिथून रूट टॅक्सी. दत्तात्रेय योग केंद्रातली ८५ फुटी हनुमानाची मूर्ती २००३ मधली. तिथून काही किलोमीटरवर वॉटर्लूला समुद्रातलं मंदिर. शिवदास साधू या ऊसमजुराने १९४७ मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर मंदिर बांधलं. ते पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. मग ‘समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही’ या हिशेबाने त्याने पाण्यातच भर घालायला सुरुवात केली, बादल्यांनी, सायकलवरून दगड-माती वाहून, पंचवीस वर्षं. आताची इमारत १९९५ ची. भरतीच्या वेळी जा, ओहोटीला सभोवती नुसता चिखल असतो. मूर्ती ते मंदिर चालत जायच्या फंदात पडू नका, सावली नाही. शग्वानसच्या स्टँडवरून दोन्ही ठिकाणी नेऊन, थांबून परत आणणारी टॅक्सी ठरवा. इथे संपूर्ण गाडी घेणं शहाणपणाचं, आणि भाव बसण्याआधी ठरवायचा. दिवाळीच्या आधीचे नऊ दिवस शग्वानसला दिवाळी नगर भरतं, तेव्हा जाणं सोपं, परतीला महामार्ग तुंबलेला.

कारोनीच्या दलदलीतले लाल आयबिस पक्षी बघायची बोट दुपारी चारच्या सुमारास निघते आणि अंधारात परतते. हिरव्या पट्ट्याची मॅक्सी महामार्गावर वळणापाशी सोडते खरी, पण परतताना काळोखात महामार्गावर हात करत उभं राहावं लागेल. ही सहल गाडी ठरवूनच करा. मराकस किनाऱ्यालाही तोच नियम: बस मोजक्या, दुपारनंतर भरवसा नाही. उलट मराव्हालहून वर परामिनला जाणाऱ्या शेअर जीप दिवसभर मिळतात. रस्ता इतका उभा आहे की साधी मोटार चढत नाही. डोंगरउतारावरची चिव्ह आणि थाइमची शेती आणि खाली कॅरिबियन, एवढ्यासाठी ती अर्धी सकाळ द्यावी. फोर्ट जॉर्जला मात्र सार्वजनिक वाहन नाही. चढ तीन किलोमीटरहून जास्त, रस्ता निर्जन. टॅक्सी वर थांबवून ठेवा, १८०४ चा किल्ला आणि घानाच्या अशांती राजघराण्यातल्या कोफी न्ती याने आखलेलं १८८३ चं लाकडी सिग्नल स्टेशन बघा, त्याच टॅक्सीने खाली या.

पावसाळा जून ते डिसेंबर. मध्यवस्तीचा समुद्राकडचा भाग भराव टाकून केलेला आणि सखल आहे. जोराची सर आणि भरती एकत्र आली की साउथ की, राइटसन रोड आणि इंडिपेंडन्स स्क्वेअरला पाणी साचतं. अशा वेळी सिटी गेटकडे पळू नका, सगळं शहर तिकडेच पळतं आणि रांगा इमारतीबाहेर येतात. वरच्या बाजूला, सव्हानाकडे, एखाद्या ठिकाणी तासभर बसा. पाणी बहुधा ओसरतं, रांगा त्यानंतर.

अंधार सहा ते साडेसहाच्या दरम्यान पडतो आणि मध्यवस्ती तासाभरात रिकामी होते. त्यानंतर अरिआपिटा ॲव्हेन्यू, सेंट जेम्स आणि सव्हानाच्या कडेचे खाद्यगाडे एवढीच ठिकाणं, आणि त्यांच्यामधलं अंतर चालत कापायचं नाही. हॉटेलची ओळखीची टॅक्सी किंवा टीटी राइडशेअर, इनड्राइव्हसारखं ॲप वापरा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली होती. अशा काळात पोलिसांना वॉरंटशिवाय झडतीचा अधिकार असतो, तेव्हा पासपोर्टची प्रत जवळ असू द्या आणि निघण्याआधी ताजी बातमी बघा. लष्करी छपाईचे कपडे, टोपी, पिशवी, मुलांचेसुद्धा, कायद्याने बंद आहेत. सामानात असतील तर घरीच काढून ठेवा.

राहिला विमानतळ. पियार्को शहरापासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास. पीटीएससीची बस दिवसा सिटी गेटपर्यंत येते, तिकीट विमानतळावरच्या दुकानातून घ्यायचं. मोठ्या बॅगा असतील तर मॅक्सीपेक्षा बस बरी, कारण मॅक्सीत सामानाला जागा नसते आणि बॅग सीटवर ठेवली की त्या सीटचे पैसे द्यावे लागतात. रात्री उतरलात तर सरळ अधिकृत टॅक्सी घ्या, दरपत्रक विमानतळावर लावलेलं असतं. परतीचं विमान संध्याकाळी असेल तर हॉटेलवरून टॅक्सीने तीनच्या आत निघा. त्याहून उशीर झाला तर टॅक्सी फक्त सिटी गेटपर्यंत करा आणि पुढे राखीव रस्त्याने जाणारी बस धरा, तिचं तिकीट आदल्या दिवशी काढलेलं असेल तर.